साहेबांची तंबाखू

२ सप्टेंबर
साहेबांचं पार्सल आलं. त्यांचा जुना पाइप, टोकाला दातांच्या खुणा. तंबाखूचे तीन सीलबंद डबे. चिठ्ठीत एवढंच : ‘डॉक्टरांनी बंद केलं. तुझ्याशिवाय कोणाला देणार?’ एकतीस वर्षं मी त्यांच्या पेपरचा जव्हार-मोखाड्याचा वार्ताहर, ते संपादक. मन भरून आलं. नाकारत नाही.
नलू : “त्यांच्या डॉक्टरनं बंद केलं ते तुम्ही सासष्टाव्या वर्षी सुरू करायचं. वा.”

३ सप्टेंबर
डबा उघडला. आत चुरा नाहीच. दाबून कापलेल्या पातळ पट्ट्या, आंबापोळीच्या कापांसारख्या एकावर एक. फ्लेक म्हणतात. वास मनुकांचा, जरा आंबूस. हाताला ओलसर. तशीच मोडून भरली. अकरा काड्या गेल्या. धूर कमी, वाफ जास्त. जीभ पोळली. पाइपात गुडगुड.
नलू दारातून : “हुक्का का हो हा?”

४ सप्टेंबर
मोबाइलवर कोणा परदेशी म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिला. पट्टी तळहातांत चोळून मोकळी करायची, पसरायची, तासभर सुकू द्यायची. चिमटीत दाबल्यावर गोळा होता कामा नये. कुरकुरली तरी वाया. त्याच्याकडे तास पुरतो. इथे सकाळपासून धुकं खिडकीतून आत, बरणीतलं मीठ बसलेलं. नऊला पसरली. पाचला चिमूट दाबली. गोळा.

५ सप्टेंबर
घाई केली. तव्यावर टाकली, आच मंद. दोन मिनिटांत करपल्या मेथीचा वास, पट्टीचा कोळसा. आयुष्यभर वेळेत कॉपी देण्याची खोड, दुसरं काय. पोळ्यांना वास लागला म्हणून नलूनं तवा दोनदा घासायला लावला.

७ सप्टेंबर
लहानू आला, साखरशेतहून, काकड्या घेऊन. मोखाड्याकडचे सगळे पाडे मी त्याच्या मागे चालत पाहिले. सुपात पसरलेली तंबाखू बघून खाली बसलाच. चिमूट तोंडात टाकली, अंगणात जाऊन थुंकला.
“गोड हाय ही! पोरांचा खाऊ हाय का?”
सुकत नाही म्हटलं.
“वाऱ्याला ठेवतंस, वाराच ओला हाय. चुलीच्या वर ठेव.”
घरात गॅस. मग नलूनं सुचवलं, इन्व्हर्टर गरम असतो. त्यावर ताट ठेवलं. दीड तासात बरोबर झाली, मोकळी, जरा नरम.
कोणी दिली, लहानूनं विचारलं. साहेबांनी, म्हटलं.
“मग ओढ. पन आमच्याकडं कोनाची विडी घेतली का त्याच्याशी भांडाचं नाय.”

८ सप्टेंबर
जमलं. तळाशी सैल, वर जरा दाबून. तीन काड्या, चाळीस मिनिटं. धूर थंड, जिभेवर वाळल्या गवताचा गोडवा. साहेबांना फोन करून सांगितलं. खूश. मग म्हणाले, “आठवणींचं बाड उद्या पाठवतो. प्रस्तावना तू लिहायची. वीसला छपाईला जातंय.” ताबडतोब हो म्हणालो.

१० सप्टेंबर
प्रकरण अकरा. ‘विहीर’.
माझी बातमी. मोखाड्याकडचा पाडा, लहानूची सासुरवाडी. बायका दोर धरून विहिरीच्या तळाशी उतरायच्या, वाटीनं पाणी भरायच्या. मी साडेचार तास चालून गेलो होतो. छापून आली तेव्हा वर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. पुरस्कार साहेबांनी घेतला, पेपरच्या वतीनं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं, कुठे लिहिलं नव्हतं.
आता पुस्तकात : ‘मी दोर धरून खाली डोकावलो.’ पुढची दोन पानं माझी, क्रियापदंसुद्धा तीच. त्या उन्हाळ्यात साहेब रेस्ट हाउसच्या पुढे आले नाहीत.
ताट इन्व्हर्टरवर तसंच राहिलं.

११ सप्टेंबर
नलूनं प्रकरण वाचलं.
“फोन करा.”
“आजारी आहेत गं.”
“आजारी माणसानंच लिहिलंय ना हे? हात चालतोय की.”

१२ सप्टेंबर
फोन केला. साहेब : “अरे, आपण मिळूनच केलं ना सगळं? तू पाहिलंस, मी छापलं.” मग खोकले, बराच वेळ. मग : “पाइप कसा चाललाय?”
ठीक, म्हटलं. ठेवला.
नंतर आणखी एक पट्टी चोळली, सुकवली, ओढली. हे कशासाठी ते…

१४ सप्टेंबर
कात्रण सापडलं. नाव नाही. माझी हातानं लिहिलेली प्रत फॅक्सनं गेली, उरली ती वाळवीनं खाल्ली. साक्षीदार एकटा लहानू. तोही प्रकरणात आहे, नावासकट : ‘लहानू मला म्हणाला, साहेब, आमच्या विहिरीला तळ आहे, आमच्या तहानेला नाही.’
मथळा याच वाक्याचा झाला होता.

१५ सप्टेंबर
लहानू बाजाराला आला. वाचून दाखवलं. हसता हसता ठसका लागला.
“तो? तो कवा आला रं? मी त्याला गाडीत बसल्याला पायला.”
पुढचं वाक्य वाचलं. हसणं थांबलं.
“हा मी नाय बोललो.”
“खूप वर्षं झाली. विसरला असशील.”
“इसरंन कसा? माझी बायको होती विहिरीत. दोर जुना हाय, बिगी वर ये, येवढाच बोललो.”
आणि लहानूनं आजवर कोणाला साहेब म्हटलेलं नाही. कलेक्टरलाही तू म्हणतो, मलाही.

१६ सप्टेंबर
फक्त इथे लिहितो. ते वाक्य माझं. जव्हारला परतलो तेव्हा सात वाजून गेले होते, आठला पान लागणार, बातमीला शेवट नव्हता. केला. त्या बातमीत माझं म्हणून सिद्ध करता येईल असं तेवढं एकच वाक्य, कारण ते कोणीच बोललं नव्हतं. साहेबांनी चोरलं तेही तेच.
दोन दिवस ऊन. तंबाखू जास्त सुकली. चिमटीत पीठ. ओढली तर तिखट, घसा धरला.

१८ सप्टेंबर
साहेबांच्या मुलीचा फोन. “काका, बाबा रोज विचारतात, प्रस्तावना आली का. आता फार बोलवत नाही त्यांना.”
दोन मजकूर तयार. पहिला स्तुतीचा, चारशे शब्द, चाळीस मिनिटांत लिहून झाला. दुसरा सहा ओळींचा : बातमी कोणाची, वाक्य कोणाचं. त्याला तीन दिवस गेले.
नलू : “दुसरा पाठवा.”
“माझंही नाक कापलं जाईल.”
“मग? एकट्या साहेबांचंच कापायचं होतं का?”

२० सप्टेंबर
सकाळी लहानू. त्याला सांगितलं, तू ते बोलला नव्हतास असं लिहितोय.
“लिही. आन जानकी काय बोलली, ता बी लिही.”
“जानकी?”
“माझी बायको. वर आली तवा तुझ्याकडं बघूनच बोलली ना. तू वहीत लिवत होतंस.”
काय बोलली, विचारलं. सांगेना. “तिलाच विचार. घरी हाय.”
वही काढून पाहिली. विहिरीची खोली आहे, दोराची लांबी आहे, बायकांची संख्या आहे. जानकीचं नाव नाही.
जानकीकडे जायला साखरशेतची एसटी तीनला. छपाईवाल्यांना मजकूर पाचला हवा. साहेबांच्या मुलीला फोन केला, आज होणार नाही.
“मग उद्या, काका?”
माहीत नाही, म्हटलं. एकतीस वर्षांत हे उत्तर मी कुठल्याच डेस्कला दिलं नव्हतं.