महादेवाच्या देवळाचा गुलाबी रंग

माय, देवळाचा तुझा रंग मी काढवला. पयले हेच सांगून टाकते, मंग तुले काय बोलायचं ते बोल.

शिवरात्रीच्या आधी आपण दोघी डबा अन् ब्रश घेऊन महादेवाच्या देवळात जायचो. तू लुगडं घट्ट खोचून शिडीवर, मी खाली शिडी धरून. त्या जुन्या काळ्या दगडावर चकचकीत गुलाबी ऑईलपेंट, अन् उरला का आपल्या दाराले. एका वर्षी मी नक्षीच्या खाचा तशाच सोडल्या, त तू वरूनच ओरडली, "कोपरा सुटला काऊन वं? देवाच्या घरी कंजूसी करतं?" मी रडत रडत काडीले कापूस गुंडाळून एकेक खाच भरली.

तू गेल्यावर आता मी देवळाच्या कमिटीत आहो. कमिटीले जुनं पाडून स्लॅबचं, टाइल्सवालं देऊळ बांधायचं होतं. मी एकटी आडवी आली. नगरपरिषदेच्या वारसा यादीत नाव चढलं तरच आपलं देऊळ वाचणार होतं. पाहणीले आलेल्या मॅडम म्हणाल्या, "या रंगामुळे दगड आतून ओला राहतोय, झिजतोय. आधी रंग काढा, मग यादीचं बघू." भजनातल्या बाया माझ्यावर तुटून पडल्या, "मायच्या हातचा रंग लेकच खरडते म्हणजे काय!" शेजारच्या काकूनं त बोलणंच टाकलं. मले जेवण गोड लागे ना. रंग ठेवला त देऊळ जाते, देऊळ ठेवलं त तुझी खूण जाते. शेवटी सही केली अन् घरी येऊन पोटभर रडली.

कारागीर आले. ते लेप लावतात, रंग फुगला का बांबूच्या काडीनं हळूहळू कोरतात. एक जण वैतागून म्हणे, "बाई, कोन्या भल्या माणसानं खाचाखाचात इतका रंग कोंबला हो?" मले असं हसू फुटलं! म्हटलं, "तो भला माणूस मीच आहो," अन् काडी घेऊन मीबी बसली. चौथ्या दिवशी दाराजवळच्या खांबावर, रंगाच्या थराखालून एक बाई निघाली. दगडाची, हातात आरसा धरून कुंकू लावून राह्यलेली. इतके वर्षं आपण तिच्या तोंडावरून ब्रश फिरवला अन् पत्ता नाई! काकूले राहवलं नाई, पाहायले आलीच. बराच वेळ पाहून म्हणे, "हिचं नाक त तुझ्या मायसारखं बसकं आहे वं!" सगळ्या बाया खिदळल्या. कमिटीतले तोंड वाकडं करणारे आता पाहुण्यायले स्वतः हात धरून ते नाक दाखवतात. परवा यादी लागली, आपलं देऊळ आहे त्यात.

त्या दिवशी देवळातल्या कार्यक्रमात माईकवर मी सांगितलं, मायचा गुलाबी रंग लय सुंदर होता, काढताना जीव तुटला. जीव तुटला हे खरं आहे. पण माय, तो रंग मले कधीच आवडला नाई. तुह्या तोंडावर हे सांगायची हिंमत तवा नव्हती, अन् आताबी कागदावरच आहे.