शीड दिसेपर्यंत

आबा, तुमची नात धरणात आहे. घाबरू नका, नावेत आहे, पण एकटी आहे. मी काठावर बाभळीच्या सावलीत बसून अंगणवाडीच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. सर म्हणाले, "बाई, टक लावून बघू नका. तुमच्या बघण्यानं लेकरू बिचकतं. हाताला कायतरी काम द्या." निवडायला तांदूळ आणले असते तर तेच निवडत बसले असते. पेन होतं पर्समध्ये. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पत्र टाकायचं कुठं हा प्रश्नच नाही, त्यामुळे अक्षर कसं का येईना.

तुम्ही होता तेव्हा मासे धरणारे सोडले तर या पाण्यात कोणी उतरत नव्हतं. आता इथं शिडाच्या नावांचा क्लब आहे. क्लब म्हणजे काय, पत्र्याची एक शेड, पाच लहान नावा आणि एक मोटारीची बोट. नेव्हीतून रिटायर होऊन गावी परतलेले एक सर शिकवतात. वारंगा फाट्याकडचे, मुसलमान, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी, आणि आवाज असा की पार पल्याडच्या काठाला ऐकू जावा. शाळेची सहल आली तेव्हा आमची पहिल्यांदा नावेत बसली, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. पंधरा वर्षांची आहे. पहिले दोन रविवार मी काठावरून "सांभाळून गं, वाकू नको गं" असं ओरडत राहिले. तिसऱ्या रविवारी सरांनी माझ्याच अंगात लाईफ जॅकेट चढवलं. ज्या आईबापाला लई काळजी त्यानं आधी स्वतः शिकायचं, हा त्यांचा नियम. सेहेचाळिसाव्या वर्षी पंजाबी ड्रेस घालून मी नाव शिकायला लागले. हसा, खुशाल हसा.

नावेत दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. मागं सुकाणू, आणि शिडाची दोरी. दोरी ओढली की शीड वारा धरतं, ढिली सोडली की वारा निघून जातो. पोरगी सुकाणूवर, मी दोरीवर. आता दोरी हातात आली की माझा हात काय करणार, तुम्हीच सांगा. कापसाच्या गाडीवर पुढं बसवून जवळा बाजारच्या रस्त्यानं तुम्हीच शिकवलं होतं. कासऱ्याचे पंज्याला दोन वेढे, वरून अंगठा. "बैल बुजला तर हात तुटला तरी चालंल, कासरा सोडायचा न्हाई." दहा वर्षांच्या पोरीला कोणी असं सांगतं का? एकदा ओढ्यापाशी सुटला माझ्या हातून, तेव्हा तुम्ही पाठीत घातलेला धपाटा अजून आठवतो. "काहून सोडला? काहून?" तुमचाच आवाज कापत होता, हे मला फार उशिरा समजलं.

तर मी शिडाच्या दोरीला दोन वेढे मारले. मध्यावर वाऱ्याचा झपाटा आला, नाव एका अंगावर झाली, सर मोटारबोटीतून ओरडून राहिले, "छोडो बाई, दोरी छोडो!" आणि मी जीव खाऊन आवळतेय. नाव पालथी झाली. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढं सगळं हिरवं, आणि डोक्यात एकच, पोरगी कुठंय. पोरगी नावेच्या बुडाला धरून हसत होती. हसत होती, आबा! "अगं आई, सोडायची असती ती!" माझ्या तळहाताची सालटी निघाली होती. घरी यांना सांगितलं की तवा लागला. सर मात्र चहा पिताना शांतपणे म्हणाले, "बाई, बैल हाकलेल्या घरचे समदे हीच गलती करतेत. माझ्या पण वालिदनं, बापानं, पैल्या दिवशी हेच केलं. बैलाला धरावं लागतं, वाऱ्याला सोडावं लागतं. बराबर?" मी मान हलवली. पण त्या दिवसानंतर पोरीनं मला तिच्या नावेत घेतलं नाही. सरळ म्हणाली, "आई, तू दुसऱ्या नावेत बस. तू असली की मलाबी भ्या वाटतं." एवढं लागलं मला ते की घरी जाऊन मी दोन वेळा कणीक जास्तीची मळली.

आता ती टेकडीपाशी पोचलीय. पाण्याच्या मधोमध टेकडी आहे, तिला वळसा घालून एकटीनं परत यायचं, ही परीक्षा. पार झाली तर पोरगी पुढच्या वर्गात, मोठ्या नावांवर. पलीकडची बाजू इथून दिसत नाही. सरांची बोट टेकडीच्या अंगाला उभी आहे, तिथून दोन्हीकडचं दिसतं म्हणतात. म्हणतात! शिडाला तांबडं ठिगळ आहे म्हणून लांबूनही ओळखू येतं. गेलं. आत्ता टेकडीमागं गेलं. वारा वाढलाय का मलाच वाटतंय? बाभळीची पानं हलताहेत, पण ती कधी हलत नाहीत?

लिहिते. नाही तर मी पाण्यात चालत जाईन. या परीक्षेला आईबापाची सही लागते. सर तो कागद पोरांच्या हातात देत नाहीत, माझ्या हातात दिला. मी तो माझ्या अंगणवाडीच्या पोषण आहाराच्या रजिस्टरमध्ये ठेवला आणि पोरीला सांगितलं की सरांनी अजून दिला नाही. एक दिवस, दोन दिवस करत अकरा दिवस. तिच्या सोबतच्या दोघींना मिळाला होता. ती रोज शाळेतून आली की विचारायची, मग विचारायची बंद झाली. एक दिवस ताटातली भाकरी चिवडत म्हणाली, "मी कच्ची हाय का गं आई? सरांनी मलाच काहून न्हाई दिला?" आणि तरीही मी म्हटलं, "देतील की." कशी म्हणाले कोण जाणे. वैरीण सुद्धा असं करत नाही.

काल सकाळी भाकरी थापता थापता हात थांबला. पिठाच्या हातानंच रजिस्टर उघडलं, सही केली आणि कागद तिच्यापुढं धरला. म्हटलं, "माझ्यापाशीच होता. अकरा दिवस झाले." ती आधी कागदाकडं बघत राहिली. मग असा राग आला तिला, आबा, असा राग की तिचे ओठ पांढरे पडले. "मी रोज रडत होते संडासात जाऊन. तुला ऐकू येत होतं ना?" येत होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आज नावेत चढताना मागं वळूनही बघितलं नाही.

अजून दिसत नाही. सरांची बोट जागेवरच आहे, म्हणजे सगळं ठीक असावं. ठीक नसतं तर हलली असती. असती ना?

तुम्हाला कळलंच असेल मी तुम्हालाच का लिहायला बसले. बारावीनंतर मला नांदेडहून नर्सिंगच्या प्रवेशाचा कागद आला होता. तुम्ही तो पेटीत ठेवला आणि तारीख उलटल्यावर चुलीपाशी येऊन माझ्यापुढं धरलात. आई नव्हती, घरात आपण दोघंच. "माझ्याकून चूक झाली पोरी. मला धीर झाला न्हाई," एवढंच बोललात. मी पातेलं आपटलं. दोन महिने तुमच्याशी शब्द बोलले नाही, ताट सरकवून द्यायची. तुम्ही एसटीनं नांदेडला गेलात, टोपी हातात घेऊन साहेबापुढं उभे राहिलात, जागा भरली म्हणून परत आलात आणि अंगणात पाय न धुता तसेच बसून राहिलात. सगळ्या भावकीत झालं, बापानं पोरीचं वाटोळं केलं. माझ्या लग्नात मावशी तुमच्या तोंडावर म्हणाली. तुम्ही मान खाली घातली. मीही तिथंच होते, हातात हळदीचं ताट घेऊन, आणि गप्प होते. शेवटच्या दुखण्यात सुद्धा तुम्ही मला म्हणालात, "माफ कर माय." मी म्हटलं, "जाऊ द्या आता." मोठी उदार झाले.

दिसलं! तांबडं ठिगळ दिसलं. टेकडीच्या डाव्या अंगानं येतंय, वारा भरून, नाव थोडी कललीय पण चाललीय. अगं माय. दोरी तिच्या हातात असणार, आणि वेढा नसणार. सर हात वर करून राहिले. ती काठाला लागेल आणि विचारेल, विचारलंच तर, काय लिहीत होतीस, आणि मी म्हणेन किराण्याची यादी. म्हणून त्याआधी लिहून टाकते. काल तिचे पांढरे पडलेले ओठ बघितले आणि खरा राग कसा असतो ते मला पहिल्यांदा दिसलं. तिला खरंच जायचं होतं.

आबा, कागद तुमच्या पेटीत आहे हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. तुमचं धोतर काढायला पेटी उघडली होती. उभ्या उभ्या वाचला. वसतिगृह, पांढऱ्या साड्या, अनोळखी पोरी, मुडदे बघावे लागतात असं कोणी तरी सांगितलेलं. तारखेला अजून नऊ दिवस होते. मागितला असता तर तुम्ही दिला असता, हेही मला ठाऊक होतं. मी घडी होती तशीच घातली, कागद परत धोतरांखाली सरकवला, पेटीची कडी लावली आणि स्वैपाकाला लागले.