काल्याचा दिवस आणि अंगणवाडीची पायरी

रेणू,

रात्रपाळी करून आलीस की आधी जेवून घे. वरण-भात झाकून ठेवला आहे. मी तनूला घेऊन अंगणवाडीत गेलो आहे, ती सुटली की दोघं मिळूनच येऊ.

काल सांगायचं राहिलं. तू झोपली होतीस. एक वाजता तिला आणायला निघालो, तर वाटेत देवळात कीर्तन रंगलेलं. पाच मिनिटं म्हणून टेकलो आणि तीन वाजले. माझा फोन बंद होता. पोर घरच्याच माणसाच्या हाती द्यायची, म्हणून मदतनीस मंजूबाई कुलूप लावून तिच्यासोबत पायरीवर बसून होती. मला पाहून म्हणाली, "देव थांबला असता जी तुमच्यासाठी, पोरीले कायले थांबवलं?" तनू रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, सरलं का कीर्तन?"

चूक माझी आहे. यावरून नोकरी सोडायचं पुन्हा मनात आणू नको.

आज सप्त्याचा काला आहे. माझे टाळ दुसऱ्या कुणाला वाजवायला देवळात पाठवून दिले. उठलो तर पाय तिकडेच वळतील, म्हणून एक वाजेपर्यंत त्याच पायरीवर बसणार आहे.

भूपेंद्र