घोरण्यातले कंटाळवाणे भाग

३ फेब्रुवारी

चि. गुंड्या आणि घरातल्या समस्त झोपमोड झालेल्यांनो,

अ. आ. तुमची तक्रार तीच माझी, आणि ती लहानपणापासूनची. दादाच्या घोरण्यानं या घराची किती झोप खाल्ली! तू पाठवलेलं त्याचं रेकॉर्डिंग कामगारांच्या सभेनंतर सगळ्यांना ऐकवलं. माझ्या भाषणाला मिळाल्या नाहीत एवढ्या टाळ्या त्याला मिळाल्या.

पण काल फोनवर दादा म्हणाला, शालीचा धागा दिसत नाही, रफू चुकतंय. मधुमेह आहे, पण साखर काबूत आहे म्हणतो. त्याचं रफू शोधूनही सापडत नाही अशी त्याची ख्याती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने आणि काय म्हणतात ते कळव. आत्यावर माया असू दे.

तुझी आत्या

१० फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

टाळ्यांचं बाबांना सांगितलं. म्हणाले, मानधन पाठव म्हणावं! मूळ रेकॉर्डिंग फार लांब होतं. मधेच आवाज बंद, नुसती शांतता. मग गुदमरल्यासारखा गचका आणि इंजिन पुन्हा सुरू. ते कंटाळवाणे भाग मी कापले. आई तर आता बाहेरच्या खोलीतच झोपते.

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, रक्तही उतरलंय. गेलेली नजर बहुधा परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. साखर नीट असताना असं का, हे डॉक्टरांनाही कोडंच. झोपेत श्वास अडतो का, असं विचारत होते. बाबा म्हणाले, छे, मी मेल्यासारखा झोपतो. आम्ही दोघं हसलो.

काळजी करू नकोस, जीव लावत राहा.

गुंड्या

१५ फेब्रुवारी

गुंड्या,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

तू कापलेस ते भाग म्हणजे तुझ्या बापाचा अडलेला श्वास होता. मला तो ऐकू आला नाही, कारण तू ठेवलाच नव्हतास. डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं, आणि तू ऐकलेलं असूनही हसत बसलास!

इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. झोपेत श्वास वारंवार अडला की रक्तातला प्राणवायू उतरतो. मधुमेहानं आधीच नाजूक झालेल्या डोळ्यांतल्या नसांना ते आणखी बाधू शकतं. 'शकतं' म्हणाल्या, शपथेवर नाही सांगितलं. पण तपासल्याशिवाय कळणार कसं? कुणी भुकेनं कळवळला तर आपण हसत नाही. मग श्वासासाठी तडफडणाऱ्याला हसायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं?

दादा म्हणेल, मला काही झालेलं नाही. झोपलेल्या माणसाला काय ठाऊक?

डावा डोळा गेला. उजव्यावर त्याचं रफूचं दुकान आहे, आणि तो स्वतःही. हे पत्र खाली ठेव, डॉक्टरांना फोन कर, जे ऐकलंस ते सगळं सांग आणि दादाच्या झोपेच्या तपासणीची वेळ आजच घे.

आत्या