शुद्ध बोला

सोमवार, ७ जानेवारी १९८५
तहसील कचेरीत नवे साहेब हजर झाले. पुण्याचे. मालवणला बदली म्हणजे शिक्षाच, असा चेहरा. ओळखी झाल्या. मला विचारलं, "गाव?" म्हटलं, इथलंच, आचरा.
"वाटत नाही हो. किती शुद्ध बोलता."
मी "थँक्यू सर" म्हणाले. संध्याकाळी एसटीत बसल्यावर लक्षात आलं — थँक्यू नक्की कशाबद्दल?

शुक्रवार, ११ जानेवारी
डब्यात बांगड्याचं तिखलं. साहेब केबिनमधून बाहेर आले, नाकाला रुमाल. "नाव सुगंधा, आणि डब्यात हे." सगळे हसले. हेडक्लार्क गंगारामभाऊसुद्धा. मीही हसले — तेच जास्त लागलं.

बुधवार, १६ जानेवारी
वरून पाहुणे. शिपाई बाबू रिकामा, दोन पुरुष क्लार्क रिकामे. साहेब म्हणाले, "सुगंधाबाई, चहाचं तुम्ही बघा. बायकांच्या हाताला चव असते." चहा समोरच्या हॉटेलातून येतो! चव बहुतेक रस्ता ओलांडताना उतरते.

सोमवार, २१ जानेवारी
मुद्दाम सुक्या सुंगटांची किसमूर नेली, बांगड्याहून दुप्पट वासाची. साहेब जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बंदरावर फिरत होते. समुद्राची हवा तब्येतीला चांगली.
पण मला कायम करायचा रिपोर्ट मार्चात तेच लिहिणार. उद्यापासून बटाट्याची भाजी.

मंगळवार, ५ फेब्रुवारी
आज रेशनकार्डाच्या खिडकीवर मी. बंदरावरची एक म्हातारी आली, आनंदीआजी. म्हणाली, "बाय, नातवाचा नाव कार्डार घालूचा आसा."
मी म्हटलं, "आजी, नीट बोला. अर्ज कुठे आहे?"
ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "तू खंयचा गो?"
"आचऱ्याची."
"मगे परक्यासारखा कित्याक बोलतंस?"
रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं. मी खाली मान घालून तिचा अर्ज लिहून दिला.
महिनाभर या वहीत साहेबांचं एकेक वाक्य उतरवून ठेवतेय. आजचं माझं. 'नीट बोला.' सूरसुद्धा साहेबांचाच. कधी उचलला, कळलंही नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी
दोन दिवस खिडकीवर मालवणीतच बोलतेय. लोक दहा गोष्टी जास्त सांगतात — म्हशीच्या, सुनेच्या — पण अर्ज बरोबर भरला जातो. रांग अकरालाच संपली. साहेब केबिनच्या दारात उभे राहून ऐकत होते. काही बोलले नाहीत.

सोमवार, ११ फेब्रुवारी
आज बोलले. मेमो! 'कार्यालयात ग्रामीण बोलीचा वापर केल्याबद्दल समज देण्यात येते.' टाइप कोण करणार? टायपिस्ट मीच. माझाच मेमो, तीन प्रतींत. 'ग्रामीण'मधला ग्रा नीट उठेना, म्हणून कागद बदलून परत केला. हसू येत होतं, तरी तिन्ही प्रती दोनदा तपासल्या.
घरी सांगितलं नाही. "चेडू मार्चात कायम होतला," असं अप्पांनी लेकीचं कौतुक गावभर सांगून ठेवलंय.

मंगळवार, १२ फेब्रुवारी
मेमो जावक क्रमांकासाठी गंगारामभाऊंकडे गेला. भाऊ आमच्याच मुलखातले, जामसंड्याचे, पण बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या तोंडून मालवणीचा शब्द कोणी ऐकलेला नाही. बाबू तर म्हणतो, ते झोपेतही शुद्ध घोरत असतील.
त्यांनी कागद दोनदा वाचला. उठले. साहेबांकडे गेले. दार लावलं नाही.
"साहेबांनू, ह्या मेमोत माझाय नाव घाला."
साहेबांना वाटलं, थट्टा. "अहो भाऊ, तुमचा काय संबंध?"
"माझी आवस कधीपासून म्हणता, तुझी कचेरी एकदा दाखव. बावीस वर्सां मी तिका हय हाडूक नाय. ती तोंड उघडीत आणि सगळे हसतीत, म्हणान."
मी टाइप करायची थांबले होते. स्वतःच्या आईला बावीस वर्षं इथे आणलं नाही! भाऊंनी मेमो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि ते जागेवर येऊन बसले. चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.

शनिवार, १६ फेब्रुवारी
मेमोला जावक क्रमांक पडला नाही. रिपोर्टचं मार्चात बघू.
आज भाऊ आईला घेऊन आले. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची दिली. म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्याने विचारलं, "ह्यो कोण रे?"
"आमचे साहेब, आये. पुण्याचे."
"आसांदे," म्हणाली. "ह्योय हळूहळू शिकतलो."