तीन पानांचा बगळा

सिंदेवाही, ऑगस्ट १९९९

वसुधाबाईले गोकुळाचा नमस्कार.

तुमचं संशोधनाचं पुस्तक भेटलं. आमच्या धानाच्या रोवण्याच्या गाण्यातल्या 'पांढरा बगळा बाई, पाय उचलून चाले' या ओळीवर तुम्ही तीन पानं लिहिली. बगळा म्हंजे पूर्वजांचा आत्मा! मले त हासूच आवरेना. बाई, तुम्ही गाणी लिहून घ्याले आल्या, त्या दिवशी मी खरी ओळ विसरली होती. समोर पांढऱ्या साडीत तुम्ही बांधीतला चिखल तुडवून राह्यल्या होत्या, म्हनून तुमालेच गाण्यात टाकलं.

हे कबूल कराले बसली होती. पण काल रोवणा करताना साऱ्या बाया तीच बगळ्याची ओळ गात होत्या, अन् सासूबाई म्हने, "हे त माह्या आजीचं गाणं हाये!"

आता पत्र धाडत नाही, घरच्या पेटीतच ठेवते. बगळ्याले कोनी सांगते का, तू बगळा हायेस म्हनून?

तुमची गानारी,
गोकुळा