माझ्या भीतीची बाटली

४ जून १९६३
हाताची बोटं पुन्हा माझी झाली. पायांपासून चढत आलेला लुळेपणा उतरतोय. राहिला श्वास. तो छातीवरचं कासव घेतं. कासव म्हणजे कवच. कवचाला नळी, नळीला पंप, पंपाला डॉक्टर त्रिविक्रम. उद्या पंप थोडा वेळ बंद ठेवून बघणार. बघा! तीस वर्षं लोकांना प्राणायाम शिकवला, तोही नुसती पुस्तकं वाचून. आठवड्यात घरी.

५ जून
पंप बंद. मी उत्तम होतो. राहू दे म्हणून हात हलवला, तर नर्सबाईंनी पंप सुरूच केला. अक्कल विकत मिळत नाही.

१० जून
डॉक्टरनं विलायतेहून खूळ आणलंय. माणूस भ्याला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी एक रस सोडतात. हार्मोन. तो लघवीत उतरतो. म्हणून पंप बंद असेल त्या दिवसाची लघवी खाटेखालच्या बाटलीत. म्हणे, अण्णा, त्या दिवशी तुमचा रस फार वाढला. स्वल्प कमी होऊ द्या, मगच घर. वा रे ज्योतिषी! पंचांगाऐवजी मूत्र!

१२ जून
युक्ती सुचली. माझं भांडं उचलायला मेहुणा असतो, रघुपती. चिकपेटेच्या बाजारात कापडाचं दुकान. माणूस कसला, लोणच्याची बरणी. दुकानाला आग लागली तरी आधी कॉफी संपवील. उद्या बाटली त्यानं भरायची. म्हणाला, भावजी, हे बरं नव्हे. म्हटलं, भीती वाटायला आधी डोकं लागतं, तू भर. सरी, म्हणाला. म्हणजे बरं.

१३ जून, संध्याकाळ
विजय! पंप सकाळी बंद झाला तो थेट जेवणापर्यंत. रघुपती समोर ढिम्म. दुकान कसं चालवावं हे त्याला सांगत होतो, श्वासाची आठवणही झाली नाही. बायकोला, वसुमतीला म्हटलं, घरी खोली झाडून ठेव.

१८ जून
बाटलीत पहिल्याच्या दुप्पट रस! डॉक्टर म्हणाला, एवढा धसका मी कुणाचा पाहिला नाही. आता महिनाभर पंप बंद करायचा नाही. तो गेल्यावर वसुमतीला बाटलीचं सांगावं लागलं. ती कडाडली. अहो, त्या दिवशी रघू घरी आला तो जेवला नाही, भडभडून ओकला. भावजींची छाती हलतेय का तेवढंच बघत बसलो होतो, अक्का, म्हणाला.
म्हटलं, पित्त असेल.

१९ जून
नाइलाजानं डॉक्टरला खरं सांगितलं. आधी रागावला, मग हसला. शिक्षण वाया. उद्या पुन्हा पंप बंद, बाटली माझीच. रघुपतीनं खोलीबाहेर बसायचं, हा माझा हुकूम. बिचाऱ्याला सोसत नाही. मला काय, असला काय नि नसला काय.

२० जून
रघुपती बाहेर गेला. दार लागलं. पंप थांबला.
ओरडलो. वाचतंय कोण, म्हणून लिहितो. नर्सबाई पंपाकडे धावली.
आता म्हणते, तुम्ही पंपाचं नावही घेतलं नाहीत. सारखं रघ्या, रघ्या करत होता.